इकोमा का हरला

वसंतातल्या सामन्यांत इकोमा हरला, तेव्हापासून उरुशिबारा सरांच्या मनात पाल चुकचुकत होती.

हरण्याचं काही नाही. सुमोच्या रिंगणात भलेभले तोंडघशी पडतात. पण इकोमा ज्या तऱ्हेनं हरला, ती तऱ्हा सरांच्या गळी उतरत नव्हती. सर तालीम देत त्या शाळेच्या संघातला हा सगळ्यात दांडगा गडी. बाप बोटीवर खेकडे धरायला जाणारा, आणि पोराचे हात बोटीच्या दोरखंडांसारखे. त्या दिवशी त्यानं समोरच्याला रेटत रेटत थेट कडेपर्यंत नेलं होतं. आता एक धक्का दिला की कुस्ती संपली. नेमका तिथंच तो थबकला. अगदी डोळ्याचं पातं लवावं एवढंच. पण समोरच्याला तेवढं पुरलं. त्यानं इकोमाचा कमरेचा पट्टा धरून त्याला गर्रकन फिरवलं आणि रिंगणाबाहेर टाकलं.

समोरचा मुलगा होता त्सुगावा नाओया. पलीकडच्या बंदरातल्या शाळेचा कप्तान, आणि उरुशिबारा सरांचा सख्खा मुलगा.

नाओया लहान असतानाच सरांचं घर मोडलं होतं. आई त्याला घेऊन माहेरी गेली आणि पोराला तिचं आडनाव लागलं. सुमो मात्र त्यानं बापाचा उचलला. कधीमधी एखाद्या रविवारी तो भेटायला यायचा, खालमानेनं जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा.

हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळे शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष कानामारू एक दिवस तालमीत आले, तेव्हा ते कशासाठी आलेत हे त्यांनी चपला काढायच्या आतच सरांनी ओळखलं. कानामारूंची मासळीची वखार होती. संघाच्या जेवणातल्या रश्श्यात पडणारे मासे तिथूनच यायचे, त्यामुळे त्यांना कोणी अडवत नसे.

"मास्तर, पोरगा चांगला तयार झालाय हो तुमचा," ते म्हणाले. "आमचा इकोमा त्याच्यापुढे अगदी शेळी झाला."

त्यांचं तोंड हसत होतं, डोळे हसत नव्हते. मग ते रोजच येऊ लागले. हाताची घडी घालून लाकडी ओट्यावर बसायचे आणि मुलांपेक्षा सरांकडेच जास्त बघायचे. नुरा कुस्ती हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण सर आत शिरले की पालकांची कुजबुज थांबायची.

सरांना राग यायचा, पण त्या रागाला बळ नव्हतं. कारण कानामारूंना जी शंका होती तीच त्यांनाही होती, फक्त वेगळ्या माणसाबद्दल. आपण इकोमाला काही सांगितलेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग पोरानं आपणहून तर नाही ना हे केलं? सरांना बरं वाटावं म्हणून?

ते इकोमावर नजर ठेवू लागले. तालमीत तो कोणाला सोडत नव्हता. आडून आडून विचारलं, तर म्हणाला, "पाय घसरला, सर." सरांनी तो पाय पाहिला होता. वाळूत खुंटीसारखा रोवलेला होता. घसरला कसला!

आणि मग एका शनिवारी स्टेशनासमोरच्या खाटकाच्या दुकानापाशी त्यांना ते दोघं दिसले. इकोमा आणि नाओया. एकाच कागदी पिशवीतली, त्याच दुकानात तळलेली बटाट्याची गरम कटलेटं खात, एकमेकांना कोपरखळ्या मारत. ते आपल्याला बघायच्या आत सर गल्लीत वळले. चोर ते होते की आपण, असा प्रश्न त्यांना घरी पोचल्यावर पडला.

उन्हाळ्यात प्रांताच्या स्पर्धेची अंतिम फेरी ठरली ती याच दोन शाळांमध्ये. जिंकणारा संघ देशपातळीवर जाणार होता. एकेका संघात पाच मल्ल. आणि पाचव्या, म्हणजे शेवटच्या कुस्तीला इकोमासमोर पुन्हा नाओयाच.

"इकोमाला बसवा. राखीव उतरवा," कानामारूंनी सकाळीच सरांच्या कानाशी लागून सांगितलं. "तुमच्याच डोक्याचा ताप वाचेल."

सल्ला नव्हता तो, फास होता. बसवलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं; उतरवलं आणि तो हरला, तर आयुष्यभर बोटं रोखलेलीच राहणार. सरांनी इकोमाला सभागृहामागे, नळांच्या रांगेपाशी बोलावलं. पोरगा मानेवर गार पाणी मारत होता.

"वसंतात तू मुद्दाम हरलास?" त्यांनी सरळच विचारलं.

इकोमानं नळ बंद केला.

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मी विचारतोय."

"सर, कोणी हरलं की तुम्ही त्याची सालटी काढता," इकोमा म्हणाला. "त्या दिवशी मला एक शब्द बोलला नाहीत. उलट सगळ्यांना रामेन खायला घेऊन गेलात."

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पोरगा खोटं बोलत नव्हता. आपला संघ हरला होता आणि त्या संध्याकाळी ते खुशीत होते. आपल्या मुलानं टाकलेला तो पेच डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"म्हणून हरलास?"

"हरलो आधी. रामेन नंतर होतं."

"मग कडेला थांबलास का?"

"ते सांगणार नाही," इकोमा म्हणाला. "आज थांबणार नाही, एवढं सांगतो."

सरांनी त्याला उतरवायचं ठरवलं. विश्वास पुरता बसला नव्हता, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

चार कुस्त्यांत दोन्ही शाळा बरोबरीत राहिल्या. नाओया रिंगणावर चढला तेव्हा सरांची नजर आपसूक त्याच्या डाव्या गुडघ्याकडे गेली. हिवाळ्यात त्याच्या आईचा फोन आला होता. गुडघा दुखावलाय, पण पोरगं ऐकत नाही; बाहेर कोणाला कळू देऊ नका. सरांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. प्रतिस्पर्ध्याला दिसू नये म्हणून आज नाओयानं साधी पट्टीसुद्धा बांधली नव्हती.

दोघांनी मुठी मातीला टेकवल्या आणि ते एकमेकांवर आदळले. इकोमा खाली वाकून शिरला, पट्टा धरला आणि नाओयाच्या डाव्या बाजूनं रेटत निघाला. थेट डाव्या बाजूनं. नाओयानं पाय रोवला. गुडघा थरथरला, दुमडला आणि तो जागीच कोसळला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कानामारूही उभे राहून टाळ्या पिटत होते. नाओया हळूहळू उठला, रीतसर वाकून नमस्कार करून उतरला आणि लंगडत थेट बापापुढे येऊन उभा राहिला.

"तुम्ही सांगितलंत त्याला," तो म्हणाला.

आजवर तो बापाला 'तू' म्हणत आला होता.

"नाही," सर म्हणाले.

"आईला, मला आणि तुम्हाला, एवढ्यांनाच माहीत होतं."

"नाओया, मी नाही सांगितलं."

त्यानं विश्वास ठेवला नाही. सरांना तो चेहरा ओळखीचा वाटला. गेले कित्येक दिवस ते स्वतः इकोमाकडे याच नजरेनं बघत होते.

तेवढ्यात इकोमा मागून आला. अंगाला वाळू तशीच चिकटलेली.

"मला वसंतातच कळलं होतं," तो नाओयाला म्हणाला. "कडेला तुझा पाय लटलटत होता. तिथं ढकललं असतं तर रिंगणाच्या उंच ओट्यावरून खाली त्याच पायावर पडला असतास. म्हणून थांबलो."

"मग आज?"

इकोमानं सरांकडे पाहिलं नाही.

"आज मला विचारलं गेलं, मुद्दाम हरलास का म्हणून. एकदा असं विचारल्यावर मी काय करणार होतो?"

मग नाओयाच्या शाळेचे शिक्षक बर्फाची पिशवी घेऊन आले आणि त्याला बाकावर बसवलं. तिकडे सरांच्या संघाचा फोटो काढायला सगळे जमले होते, त्यांना हाका मारत होते. सर गेले नाहीत. ते मुलाशेजारी बसून राहिले. नाओया दूर सरकला नाही.

"वसंतात तू जिंकलास तेव्हा मला फार बरं वाटलं होतं," शेवटी सर म्हणाले. "ते चुकलंच माझं."

"मी जिंकलो नव्हतो," नाओया म्हणाला.

आईची गाडी आली. तो उठला, तेव्हा पाय टेकवेना. क्षणभर त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि मग बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

शरद ऋतूत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सर दर आठवड्याला जात होते. बोलणं अजून बेताचंच होतं. त्याआधी देशपातळीच्या स्पर्धेत इकोमा दुसऱ्याच फेरीत एका धिप्पाड पोराकडून सपशेल आपटला होता. त्या संध्याकाळी संघाच्या मुक्कामाच्या वसतिगृहावर कानामारूंचा फोन आला. पोरगा हरला कसा, खरंच हरला ना, असं ते विचारत होते.

सरांनी फोन इकोमाच्या हातात दिला.