पुरोहिताचा रकाना

लग्न कोणी लावलं, हा प्रश्न साईनाथच्या तयारीत नव्हता.

तयारी तशी जंगी होती. वकिलातीतल्या मुलाखतीसाठी तो आणि शिवानी महिनाभर एकमेकांची उलटतपासणी घेत होते. पहिली भेट कुठे झाली, पलंगाची कोणती बाजू कोणाची, सासूबाईंचा वाढदिवस कधी. सासूबाई, म्हणजे रसिकाताई, मूळच्या डोंबिवलीच्या. शिवानी मात्र न्यू जर्सीत जन्मलेली, अमेरिकेची नागरिक. पाच वर्षांपूर्वी ती ठाण्याच्या एका कंपनीत दोन वर्षांसाठी आली आणि कोपरच्या साईनाथ म्हात्रेशी लग्न करून इथलीच झाली. गेली तीन वर्षं दोघं साईनाथच्या वडिलांनी शेतजमिनीवर उभ्या केलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहत होते.

आता तिकडे न्यू जर्सीत रसिकाताईंचा कंपवात वाढला होता. शिवानीचे वडील हयात नव्हते, दुसरं मूल नव्हतं. आईला यापुढे एकटं ठेवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शिवानी म्हणायची, जायचं तर दोघांनी. त्यासाठी साईनाथला तिचा नवरा म्हणून कायम वास्तव्याचा व्हिसा मिळायला हवा होता. सगळं अडलं होतं ते तेवढ्यावर.

काचेपलीकडची अधिकारी तरुण होती, हसून बोलत होती. लग्नाचे फोटो चाळता चाळता तिने तो प्रश्न विचारला.

"हौसाबाईंनी," साईनाथने सांगितलं. अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं त्याने पुढचंही सांगितलं. आमच्या आगरी समाजात धवलारीण लग्न लावते, ती धवळे गाते, तिच्या गाण्यावरच सगळे विधी होतात.

अधिकारी ऐकत होती. मग तिने विवाहनोंदणीच्या अर्जाची प्रत वर काढली. पुरोहिताच्या रकान्यात नाव होतं उत्तम वामन जोशी, राहणार कल्याण. खाली सही. हे कोण, असं तिने विचारलं. साईनाथने रकाना पुन्हा वाचला. तिने एक छापील कागद सरकवला. नकार नव्हता. कागदपत्रांतल्या विसंगतीचा समाधानकारक खुलासा आला की पुढचा विचार होईल, एवढंच त्यात होतं.

बाहेर शिवानी उभी होती. तिने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे जोशी आले कुठून?"

जोशी आले होते विकीकडून. विकी हा नोंदणीची कामं करून देणारा माणूस. खरं तर साईनाथच्या वडिलांना, पंढरी म्हात्रेंना, लग्नाला भटजी हवा होता. अमेरिकेच्या सुनेच्या माणसांसमोर गावठी दिसायला नको म्हणून. हट्ट धरला शिवानीने. एका हळदीत तिने हौसाबाईंचं गाणं ऐकलं होतं, आणि आपलं लग्न याच बाई लावणार, असं तिने तिथेच ठरवलं होतं. लग्न तसंच लागलं. पण नोंदणीच्या अर्जात पुरोहिताचं नाव आणि सही लागते. बाईचं नाव, त्यात अंगठा, साहेब शंभर प्रश्न विचारील, असं विकी म्हणाला. साईनाथने मान डोलावली. शिवानीला मराठी वाचायला वेळ लागतो. तिने दाखवलेल्या जागी सही केली.

विकीचा फोन बंद लागत होता. प्रभाग कार्यालयातल्या बाईंनी रजिस्टर काढून दाखवलं आणि शांतपणे समजावलं. नावातली वेलांटी चुकली असती तर दुरुस्त करून दिली असती. पुरोहित कसा बदलणार? नवरा, बायको, तीन साक्षीदार, पुरोहित, सहा जणांनी खरं म्हणून सही केलेली. कोर्टातून आदेश आणा. किती दिवस लागतील, ते कोर्टाला विचारा.

दुसऱ्या दिवशी दोघं कल्याणला जोशीगुरुजींच्या घरी गेले. गुरुजी भला माणूस. त्यांनी चहा दिला, फोटो निरखले आणि कबूल केलं की हे लग्न आपल्याला आठवत नाही. कागद येतात, आपण सह्या करतो, लोकांची अडचण सुटते.

"काय लिहून हवंय? मीच लावलं म्हणून देतो लिहून."

"तुम्ही एकाही फोटोत नाही आहात, गुरुजी," शिवानी म्हणाली.

"भटजी फोटोत पाठमोराच असतो, बाळा."

शिवानीला हसू आलं. रिक्षात बसल्यावर ती रडली. साईनाथ तिच्याकडे न बघता बाहेरच्या पाट्या वाचत राहिला.

ठाण्याचे आनंद वकील अशा प्रकरणांतले मुरलेले. त्यांनी दोन्ही वाटा मांडल्या. गुरुजींचं प्रतिज्ञापत्र दिलं तर साईनाथ खिडकीवर खोटं बोलला असं होतं. हौसाबाईंचं दिलं तर सरकारदरबारी नोंदवलेला कागद खोटा, आणि त्यावर या दोघांची सही. मग अधिकारी म्हणणार, इथे खोटं लिहिलं तर बाकीचं खरं कशावरून?

"पण आमचं लग्न खरं आहे," साईनाथ म्हणाला.

"त्याबद्दल मला शंका नाही," वकील म्हणाले. "मला विचारून उपयोगही नाही."

दोघांनी खरं तेच द्यायचं ठरवलं. संध्याकाळी साईनाथ हौसाबाईंच्या ओटीवर गेला. बाई पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. पण सगळं नीट ऐकून घेतलं.

"मना न्या तिकडं. मी सांगतंय त्यांना," त्या म्हणाल्या.

तसं कुणाला नेता येत नाही, असं त्याने सांगितलं. बाईंनी अंगठा पुढे केला. कागदावर ठसा उमटल्यावर त्यांनी विचारलं, "माझा नाव का नाय घातला रं?"

त्याने विकीचं नाव सांगितलं.

"विकीचा लगीन व्हता का? तू व्हतास ना थय?"

साईनाथने बाईंचा शाईचा अंगठा रुमालाने पुसून दिला.

प्रतिज्ञापत्र गेलं, खुलासा गेला, लग्नाचं चित्रीकरण गेलं. संकेतस्थळावर 'प्रकरण विचाराधीन' असं दिसायचं. पहिला महिना दोघं ते रोज सकाळी बघत. दुसऱ्या महिन्यात साईनाथ एकटा बघायचा आणि शिवानी त्याच्या चेहऱ्याकडे. अकराव्या आठवड्यात रसिकाताई स्वयंपाकघरात पडल्या. शेजारणीला कळेपर्यंत चार तास त्या फरशीवर होत्या.

शिवानीने त्याच दुपारी तिकीट काढलं, एकच. दोघांनी जायचं ही गोष्ट तिने काढली नाही, त्यानेही नाही. निघताना ती म्हणाली, "मी हट्ट केला नसता, तर तुझे बाबा म्हणाले तसं भटजीनेच लग्न लावलं असतं." साईनाथ म्हणाला की चूक तिची नाही. ते दोघांनाही माहीत होतं, आणि त्याने काहीच हलत नव्हतं.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने वकिलांना कळवलं. पलीकडचा आवाज जरा उजळला. अर्ज करणारी बायकोच तिकडे राहायला गेली, म्हणजे तिचं कायमचं घर तिथे आहे हे सिद्ध होतं, आणि व्हिसासाठी तेही दाखवावं लागतं. केसच्या दृष्टीने चांगलंच झालं, असं ते म्हणाले. किती दिवस लागतील ते मात्र अजूनही सांगता येत नव्हतं.

"बदललेला पत्ता आजच कळवून टाकू. सांगा, लिहून घेतो."

साईनाथने तोंड उघडलं. मग मोबाइल कानापासून काढून त्यात शोधू लागला. बायकोचा पत्ता त्याला पाठ नव्हता.