आईच्या कपाळावरचा लाल

"दिवा लावलास की आधी आईच्या कपाळाकडे बघायचं, शालन. कुंकू उठून दिसलं तर घर सुखात आहे. मळलेलं दिसलं तर समजायचं, आईच्या मनात काहीतरी आहे. मग तिलाच विचारायचं, आपलं काय चुकलं म्हणून."

अक्का, म्हणजे शालनच्या सासूबाई, जाऊन वर्ष उलटलं होतं. तरी येलहंकाच्या बसस्टॉपवरून घराच्या गल्लीत वळलं की हा आवाज शालनच्या कानाशी यायचा. "बघेन हो अक्का, रोज बघेन," असं त्यांच्या उशाशी बसून तिनं कबूल केलं होतं, आणि एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. हल्ली मात्र ती गल्ली तिला लांब वाटायची.

हेब्बाळच्या एका टेक पार्कातल्या पाळणाघरात ती दिवसभर लोकांची मुलं सांभाळायची. एक कडेवर, दोन पदराला. घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन जायची. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे देवी पुढच्या जाळीच्या व्हरांड्यातच, दाराशेजारच्या कोनाड्यात बसलेली. तुळजाभवानीचा पितळी मुखवटा, अक्कांच्याही सासूबाईंपासून चालत आलेला.

गेल्या पावसाळ्यात अंधारात बटण चाचपडताना शालन उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा टम्म सुजला. तिचा नवरा नागराज कंपनीची गाडी चालवायचा आणि तिच्याही नंतर परतायचा. त्यानं एरवी गळका नळ सहा-सहा महिने तसाच ठेवला असता. पण या वेळी दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून तो एक बल्ब घेऊन आला आणि कोनाड्यावरच्या होल्डरमध्ये बसवून मोकळा झाला.

"याला उजेड कळतो," तो म्हणाला. "अंधारलं की आपला आपण लागतो, उजाडलं की विझतो. आता तू पडायचं काम नाही."

शालनला बरं वाटलं होतं. कुणीतरी आपल्याआधी घरी येऊन दिवा लावून ठेवावा, तसं.

आणि त्यानंतरच केव्हातरी आईच्या कपाळावरचं कुंकू मळायला लागलं.

समई लावून ती बघायची तर कुंकू काताच्या रंगाचं. आधी तिला वाटलं, डबीला ओल लागली असेल. चिकपेटहून नवं कुंकू आणलं, तेही तसंच. शेजारच्या शिवलीलाक्कांनी थेट तुळजापूरहून पुडी आणून दिली, तीही लावल्यावर तपकिरी. पहाटे अंधारात पूजा करतानाही तसंच दिसायचं. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मात्र तेच कुंकू लालभडक. शालननं त्याचाही अर्थ लावला. दिवसा आई जगाची असते, दिव्याच्या वेळी घराची. रुसली आहे ती या घरावर.

सुतकात काही राहून गेलं का, नैवेद्याला कुणाचा हात लागला का, तिनं सगळं आठवून पाहिलं. काही सापडेना. शेवटी दसऱ्याला तिनं आईपुढे पदर पसरला. "घरच्या दिव्यात तुझ्या कपाळाचा लाल परत दिसेपर्यंत मीठ खाणार नाही."

संक्रांत होऊन गेली. अळणी भात, अळणी आमटी. नागराज आधी चिडला, मग त्यानं थट्टा करून पाहिली, मग गप्प झाला. परवा पाळणाघरात एका बाळाला घेऊन उभी असताना शालनच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बाळ पडलं नाही, भिंत जवळ होती म्हणून. डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि खाण्यापिण्याचं विचारलं. शालननं खरं ते सांगितलं. "आधी मीठ सुरू करा, मग औषधाचं बघू," ते म्हणाले. ती सरी, बरं म्हणून उठली आणि घरी येऊन पुन्हा अळणीच जेवली. बोललेला शब्द कसा मोडायचा? पण ते बाळ तिच्या मनातून जाईना.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांची लेक रक्षिता आली. ती घरच्या घरी साड्यांचे फोटो काढून मोबाइलवर विकायची. शालन नुकतीच समई लावून बसली होती, नागराजही लवकर आला होता.

"हे काय ग," शालन लेकीच्या साडीकडे बघत म्हणाली, "शुक्रवारचं मळकट नेसून आलीस?"

"मळकट? अम्मा, लाल आहे ही. गिऱ्हाइकाला द्यायची सोडून स्वतःला ठेवली, इतकी लाल आहे."

"लाल? मला शिकवतेस? कातासारखी दिसतेय."

रक्षितानं पदर हातात धरून पाहिला. मग वर बल्बकडे पाहिलं. मग कोनाड्यात. अम्मानं मीठ का सोडलंय हे तिला ठाऊक होतं.

"आप्पा, जरा मेन स्विच बंद करा."

"का, बिल मी भरलंय," नागराज पुटपुटला, पण उठला.

घर काळोखात गेलं. उरली ती समई. आणि तिच्या पिवळ्या ज्योतीत कोनाड्यातलं कुंकू हळूहळू वर आलं. लाल. अक्का असतानाचं, अगदी तेच. रक्षिताचा पदरही तसाच.

शालन बघतच राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती नुसती भिंतीला टेकली.

"सगळे बल्ब रंग सारखे दाखवत नाहीत, अम्मा," रक्षिता हलक्या आवाजात सांगू लागली. "पिवळा घ्या की पांढरा, ते वेगळं. त्या उजेडात लालच कमी असला, तर लाल वस्तू तरी लाल कशी दिसणार? आधी माझ्या साड्या परत यायच्या, फोटोत तपकिरी आणि हातात लाल म्हणून. तेव्हा कळलं. रंग किती खरा दिसतो त्याचा आकडा असतो, सीआरआय म्हणतात. उन्हाचा शंभर धरायचा. नव्वदच्या वरचा घ्यायचा, आणि त्यातही लाल नीट दाखवणारा. आप्पांनी बघितला होता का आकडा?"

"मी वॉट बघितले," नागराज अंधारातून म्हणाला. "माणूस दुसरं काय बघतो?"

कुणी हसलं नाही. मग शालनच स्वल्प हसली.

"झालं तर मग," रक्षिता म्हणाली. "लाल दिसला. मी कणीक मळते, मीठ घालून."

"नाही ग."

"का? समईत दिसला की."

"मेन बंद करून दिसला. आईला का फसवू? मी म्हटलं होतं, घरच्या दिव्यात. घरचा दिवा आता तो आहे," तिनं वर बोट केलं. "रोज संध्याकाळी घर अंधारात घालून जगायचं का?"

"अम्मा, रंग गेलाच नव्हता."

"नव्हता गेला. पण बोलले मी होते ना."

तिचा आवाज इतका थकलेला होता, की रक्षितानं वाद सोडला. नागराजनं मेन लावला. बल्ब उजळला आणि तिघांच्या देखत कुंकू पुन्हा काताचं झालं. तो कितीतरी वेळ त्याकडे बघत उभा राहिला.

"मी आणला हा," तो म्हणाला. "उद्या दुसरा आणतो. उद्या संध्याकाळी तुझ्या आमटीत मीठ पडेल, शालन. शब्द देतो."

"नळाचाही दिला होता तुम्ही."

"नळ आईपुढे बोललो नव्हतो."

शनिवारी शालनला सुट्टी होती, तरी ती पहाटे उठली, पूजा केली आणि जपमाळ घेऊन बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. जाग आली ती खुडबुडीनं. नागराज अंघोळ करून कोनाड्यापुढे उभा होता. कुंकवाच्या डबीतून चिमूटभर कुंकू त्यानं पांढऱ्या कागदावर घेतलं, पुडी बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"अहो, ते कशाला?"

"झोप तू. चिकपेटच्या दुकानात बल्ब लावून बघायला. आकड्यावर माझा भरवसा नाही आता. उजेड कळायचं काम होल्डरच करील असा होल्डर मिळतो म्हणाली रक्षिता. म्हणजे बल्ब आपल्याला हवा तो."

"चिकपेटला शनिवारी किती गर्दी असते. आणि दुकानदार हसतील."

"गर्दीआधी, दुकान उघडायलाच दारात असेन. आणि हसू देत. बेडा, नको म्हणाले तर पुढच्या दुकानात जाईन."

त्यानं चपला घातल्या. जाळीचं दार वाजू नये म्हणून ते हातानं उचलून धरलं आणि अलगद लावलं. बाहेर फटफटत होतं. कोनाड्यावरचा बल्ब आपला आपण विझला. खिशावर हात ठेवून नागराज गल्लीच्या तोंडाशी, चिकपेटला नेणाऱ्या मॅजेस्टिकच्या बसकडे चालू लागला.