बिजली जेवत नाही

चौथ्या दिवशीही बिजली ताटलीला तोंड लावेना, तेव्हा कमलाकांतचा जीव खालीवर व्हायला लागला. ही काळी लॅब्राडोर म्हणजे फौजेतली त्याची जोडीदार. ती पुढे, तो मागे, असे दोघांनी सहा वर्षं रस्त्यातले पुरलेले सुरुंग शोधले. तो आधी सुटला. यंदा ती म्हातारी झाली, तेव्हा अर्ज करून त्याने तिला तारापूरजवळच्या कोळीवाड्यात आणलं. आता आराम कर म्हणून पडवीत गोधडी घालून दिली, त्याला महिना झाला. बोईसरच्या डॉक्टरला आजार काही दिसला नाही. पण अशीच राहिली तर आठवडा काढणार नाही, म्हणाला.

भावजय हिरा मांदेलीचं कालवण-भात घेऊन आली. कुत्रीने मान फिरवली.

"भावजी, माझी जाऊ पारू गेली तवा तुमी तरी जेवत व्हते काय? भिंतीकडं तोंड करून पडलेले. फाटलं जाळं मांडीवर टाकलं, तवा सांजचे जेवलात. हिच्या हाताला काम नाय, ती कशाला जेवंल?"

कमलाकांतने कपाळावर हात मारला. फौजेत एक रिवाज होता. दिवसभर हुंगून काही मिळालं नाही, तर परतण्याआधी कुणीतरी मुद्दाम थोडी स्फोटकाची दारू लपवायची आणि कुत्र्याला ती शोधू द्यायची. कुत्रं हरून घरी न्यायचं नाही. त्याने मात्र बिजलीला महिनाभर एकदाही जिंकू दिलं नव्हतं.

त्याने सुतळी बॉम्ब फडक्यात गुंडाळून हिराला दिला.

"वयनी, तूच लपव. मला सांगू नको. मला ठावं असलं की माझे पाय तिच्याकडं चुगली करतात."

"एवढ्या बोंबलाच्या वासात हिला काय घावणार?"

"लपव तर!"

पट्टा चढवला तशी बिजली उभी राहिली. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत होते. तिने एकालाही नाक लावलं नाही. दोन रांगा झाल्या, तिसरीच्या टोकाला हिराची मासळीची रिकामी पाटी होती. तिथे ती गप्प खाली बसली. सापडलं, असं सांगायची तिची हीच रीत.

बाया हसल्या. "आगं, मावरं मागतेय ती!"

हिरा म्हणाली, "भावजी, हितं नाय."

पाटीत खरंच काही नव्हतं. चुकीच्या जागी शाबासकी दिली तर कुत्रं बिघडतं, हे कमलाकांत इतरांना शिकवायचा. त्याने बिजलीकडे पाहिलं. ती हलली नाही. त्याने खिशातला चेंडू काढून तिच्यापुढे टाकला आणि मोठ्याने म्हणाला, "शाबास!"

"आवं, पण हितं…" हिरा थांबली. "पयलं हितंच ठेवलेलं. लय सोपं वाटलं म्हून उचलून त्या होडीखाली टाकलं."

"मग तिचं बरोबरच हाय."

होडीपाशीही बिजली बसली. घरी येऊन तिने भात संपवला आणि ताटली पडवीभर ढकलत चाटली.

"वयनी, उद्या जरा अवघड जागा बघ," कमलाकांत म्हणाला.