ऐंशीच्या पुढची थरथर

मी एक जुना शिशाचा तुकडा आहे. लांबी बोटाच्या पेराएवढी, वजन एका सुक्या बोंबलाइतकं. आपली कहाणी सांगायला सहसा किल्ले, नद्या, वडाची झाडं पुढे येतात. माझ्यासारख्याला कुणी विचारत नाही. म्हणून, मित्रांनो, न विचारताच सांगतो.

माझा जन्म साच्यात झाला. पाठीला पोलादी चिमटा बसवून मला चिपळूणच्या एका टायरवाल्याकडे धाडलं. तिथे एके दिवशी गुहागरच्या सागरची पांढरी गाडी आली. टायरवाल्याने तिचं पुढचं डावं चाक यंत्रावर गरागरा फिरवलं, यंत्राने एक जागा दाखवली, आणि हातोडीच्या एका ठोक्यात मी चाकाच्या लोखंडी कडेवर बसलो.

कोणतंही चाक सगळीकडून सारखं जड नसतं. एक बाजू किंचित जड असतेच. हळू फिरताना ते कळत नाही. वेगात मात्र ती बाजू दर फेरीला चाकाला बाहेर ओढते. तिच्या समोर बसून तेवढंच उलट ओढायचं, हे माझं काम. गाडी पहिल्यांदा महामार्गावर ऐंशीला गेली तेव्हा मी स्तब्ध झालो. म्हणजे गरगर फिरत स्तब्ध. डोंगर, आभाळ, रस्ता यांचं एकच वर्तुळ झालं होतं, आणि वर एवढी मोठी गाडी इतकी शांत होती की मागच्या सीटवर म्हातारी माणसं घोरत होती. ते घोरणं मी तोलून धरलं होतं! आठवलं की अजून अंगावर काटा येतो. शिशाला काटा येत नाही म्हणतात. येतो.

सागर मुंबईची नोकरी सोडून गावी परतला होता. गुहागर-अंजनवेलची आजारी माणसं मुंबईच्या दवाखान्यात न्यायची-आणायची, हा त्याचा धंदा. पोरगा पुन्हा घरच्या ताटात जेवतो, यापेक्षा मोठं वैभव त्याच्या आईला, हौसाबाईंना, ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हौसाबाईंनी पूजेसाठी गाडी नारळाच्या सोडणाने घासायला घेतली. सोडण माझ्यावर अडकलं. त्यांनी वाकून पाहिलं. हे घर खाडीवर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारं. पागेच्या काठाला शिसं लागतं, आणि खडकात अडकून ते सारखं तुटतं. शिसं दिसलं की हात आपोआप जातो.

"गाडीला काय मासं धरायचं हायत? हिला शिसं कशाला?" म्हणत त्यांनी कोयतीच्या टोकाने मला उपसलं, चिमटा फेकला, ठोकून माझी नळी केली आणि जाळ्याच्या दोरीवर चढवली. मग चाकाला हळदकुंकू वाहिलं. असा माझा निरोप समारंभ झाला.

त्यानंतर गाडी ऐंशीला थरथरू लागली. सत्तरला शहाण्यासारखी वागे. ऐंशीला सागरच्या हातात स्टिअरिंग थडथडे. नव्वदला आरसाही. पेशंट म्हणू लागले, "दवाखाना येईस्तोवर हाडं सुटतील, बाबा."

मी पडवीतल्या खुंटीवर, गाडी अंगणात. सगळं ऐकू येई. शेजारच्या रघूकाकांनी गाडीच्या नंबराची बेरीज केली. "आठ. शनी हाय तो. कुनाला सोडलाय?" गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं, गंभीर चेहऱ्याने पाहिलं आणि मिटलं. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. गाडीपुढे एक लिंबू होतंच, आणखी दोन बांधली. ऐंशीला तीही थरथरू लागली.

प्रवासी दुसरीकडे वळले. शेवटी सागरने जुन्या नोकरीसाठी मुंबईच्या साहेबांना फोन केला. चिपळूणचं एक गिऱ्हाईक रविवारी गाडी बघायला यायचं ठरलं.

"गाडी गेली की मी मुंबईला," तो म्हणाला.

हौसाबाई जाळं घेऊन विणत बसल्या. त्यांची बोटं माझ्यावरून फिरत होती, आणि मला तोंड नव्हतं.

शनिवारी सकाळी सागरची बायको तेजस्वी म्हणाली, "विकायची तर विका. पण नक्की कोण थरथरतंय ते तरी कळू दे." परतताना खाडीवर जाऊ म्हणून सागरने जाळं डिकीत टाकलं. म्हणून मीही निघालो.

महामार्गावर ऐंशी होताच थरथर सुरू झाली.

"ब्रेक मारा जरा," तेजस्वी म्हणाली. "वाढली?"

"तेवढीच हाय."

"म्हणजे ब्रेक नाही. आता न्यूट्रल करा."

"तरी हाय."

"इंजिन सुटलं बिचारं. हातात थरथरतंय की बसल्या जागी?"

"हातात. डाक्टर झालीस काय गो?"

"पेशंटवाल्याची बायको आहे. पुढचं चाक मागे घालून बघू."

रस्त्याकडेला जॅक लावून दोघांनी आधी डाव्या बाजूची चाकं बदलली. पुन्हा ऐंशी. स्टिअरिंग गप्प. मागे बसलेली तेजस्वी ओरडली, "अहो, आता माझी सीट हलतेय! चाकाबरोबर दुखणं मागे आलं!"

माझं जुनं चाक आता माझ्या शेजारीच फिरत होतं. पेराएवढ्या रिकाम्या जागेने एवढं थोरलं लोखंड पिंपळपानासारखं हलत होतं. मी थक्क होऊन ऐकत राहिलो. जागेवर होतो तोवर माझं मोल मलाही कळलं नव्हतं.

तेजस्वीने उतरून चाक न्याहाळलं. लाल मातीने माखलेल्या कडेवर पेराएवढी जागा ओरखडलेली होती. "इथे टायरवाल्याचं शिसं असतं. कोणी काढलं?"

घरी येऊन तिने तेच विचारलं, तेव्हा हौसाबाईंनी डिकीतलं जाळं ओढून माझ्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे माज्या पोराला मीच मुंबईला धाडीत होते?"

तेजस्वी म्हणाली, "आई, गाडी मासे धरत नाही, पण पेशंट धरते. तिलाही शिसं लागतं." तेव्हा कुठे हौसाबाई डोळे पुसत हसल्या.

लगेच जाळ्यासकट मला घेऊन त्या स्वतः दोघांसोबत गाडीने चिपळूणला निघाल्या. टायरवाला म्हणाला, "आजी, ठोकलेलं शिसं परत बसत नाही." त्याने चाक फिरवून नवा तुकडा बसवला. माझी चाकावरची चाकरी संपली, पण जाळं राहिलं. माझी तक्रार नाही.

परतताना वेगाला भिणाऱ्या हौसाबाई पुढच्या सीटवर बसल्या. "कर ऐंशी," त्या म्हणाल्या.

सागरने केली. मग नव्वद. माझ्या आजूबाजूला जाळ्याची एक गाठही हलली नाही.

"आये, थरथरतंय काय?"

"गाडी नाय रे. मी."

सागरने गाडी कडेला घेऊन गिऱ्हाइकाला फोन लावला. "येऊ नका. गाडी द्यायची नाय."

"आता साहेबांना," मागून तेजस्वी म्हणाली.

"करतो की उद्या."

"आत्ता."

त्याने केला.

मित्रांनो, एखादी बारीकशी वस्तू बिनकामाची दिसली तर उपसण्याआधी विचारा, की ही इथे काय धरून बसली आहे? आणि गाडी ऐंशीला थरथरली तर देवाला गाऱ्हाणं जरूर घाला. पण त्याआधी चाकाशी वाकून बघा. देवालाही तेवढी मदत लागते.