बोलतं तोंड

मोठ्या बाईंच्या शेडमध्ये भुईमुगाच्या बियाण्याच्या शेंगा फोडायला बसलं की गप्प राहायची सोय नव्हती. कामावरची बाई गप्प झाली म्हणजे तिच्या तोंडात दाणा आहे, असं मोठ्या बाईंचं साधं गणित. म्हणून आम्ही अकरा जणी सकाळपासून ऊन कलेपर्यंत बोलत असायचो. कुणाची गाय आटली, कुणाच्या सुनेला चूल पेटवता येत नाही, कुणाचा नवरा झोपेत नांगर हाकतो. विषय संपले की तेच पुन्हा पहिल्यापासून.

"तिकडं खांबाजवळ कोण गप्प झालं गं?" बाई शेडच्या दुसऱ्या टोकावरून विचारायच्या.

"मीच, बाई. शिंकत होते," चष्मेवाली मावशी म्हणायची. "शिंकताना बोलता येत नाही. देवाकडून तेवढी सोय करायची राहिली."

मग सगळ्या हसायच्या आणि हसताना प्रत्येकीचं तोंड उघडं दिसायचं. बाईंना तेच हवं असायचं.

पेरणीचं बी मशीनला लावत नाहीत. मशीन दाणा फोडतं, लाल साल निघते, आणि साल निघालेला दाणा मातीत कुजतो. म्हणून शेंगांवर पाणी शिंपडून, अंगठ्याला चिंधी गुंडाळून एकेक शेंग हातानं फोडायची. चौथ्या दिवशी अंगठा असा सुजतो की पोराच्या झबल्याचा बंदसुद्धा बांधता येत नाही. तरी या कामाला बायका धावायच्या, कारण सावलीचं काम आणि पोर शेजारी बसवायची मुभा. चघळताना सापडली तर मात्र टोपली पालथी, आणि उद्या त्या जागी दुसरी. माझ्याआधी माझ्या जागेवर जी बसायची, ती अशीच गेली होती. ती जागा गेली असती तर मला उन्हातल्या खुरपणीला जावं लागलं असतं आणि चिमी घरी कुणाच्या भरवशावर राहिली असती, ते मला माहीत नव्हतं.

चिमी दोन वर्षं सात महिन्यांची. त्या दिवशी तिला झोपेतूनच उचलून आणलं होतं. दुधाचे दोन घोट कसेबसे पोटात गेलेले. दहाच्या सुमाराला तिनं माझी बाही ओढायला सुरुवात केली.

"आई, भू."

"भूक लागली ना? आत्ता जाऊ हं. एवढी टोपली होऊ दे."

"आई, भू. भू. भू."

मी इकडंतिकडं बघितलं आणि दोन दाणे तिच्या तळहातावर ठेवले. मग आणखी दोन. ती माझ्या मांडीला टेकून, गाल फुगवून मजेत चावत बसली. मधूनच वर बघून हसायची. आमच्या दोघींचं काहीतरी गुपित आहे, हे तिला तेवढ्या वयातही कळलं होतं.

तेवढ्यात बाईंच्या चपला वाजल्या. त्यांच्या चपलांना खाली टायरचा तुकडा लावलेला होता, सिमेंटवर चटचट वाजायचा. त्या आमच्या रांगेकडं येत होत्या.

"कोण गप्प आहे गं इथं?"

"गीळ," मी चिमीच्या कानात म्हटलं. "गीळ पटकन." आणि तिच्या तोंडावर हात दाबला. नुसता ठेवला असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं. पण दाबला होता. ती दचकली, तिनं नाकानं जोरात श्वास ओढला, आणि माझ्या तळव्याखाली तिचं सगळं अंग एकदम ताठ झालं.

मी हात काढला तेव्हा ती खोकत होती. खोकला असा की डोळे पांढरे, ओठ जांभळे. बायका उठल्या. चष्मेवाल्या मावशीनं तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, कुणी पाणी आणलं. बाई म्हणाल्या, "अगं, काय झालं पोरीला?"

"ठसका लागला, बाई," मी म्हटलं. "थुंकी गेली असेल घशात."

थोड्या वेळानं खोकला थांबला. ओठांना रंग आला. चिमी हुंदके देत माझ्या खांद्यावर झोपली. मी तिला पोत्यावर निजवलं, पदर पांघरला, आणि कामाला बसले. हे सांगायला मला सगळ्यात जड जातं. मी कामाला बसले आणि त्या दिवशी इतरांपेक्षा जास्त बोलले. कुणाच्या तरी जावेची नक्कल केली. बायका हसल्या.

दुपारी बाईच आधी थांबल्या. पोत्याजवळ उभ्या राहून कान देऊन ऐकत होत्या.

"हिच्या छातीत काय वाजतंय गं? शिट्टीसारखं."

मी बघितलं. चिमी जागी होती, पण रडत नव्हती. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. नाकपुड्या हलत होत्या.

"सर्दी आहे तिला," मी म्हटलं.

"ही सर्दी नाही. ऊठ."

बाईंनी स्वतः टेम्पो काढला. बी वाहायचा टेम्पो, मागं अजून माती होती. त्या गाडी चालवायच्या तशीच माणसंही चालवायच्या, हॉर्नवर हात ठेवून. तीन वाजायच्या आत बाजाराच्या गावच्या दवाखान्यात पोचलो. टेम्पोतून उचलून घेताना चिमीचा एक बूट पडला होता. तो बाईंनी हातात धरला होता आणि नंतर सगळा वेळ तो त्यांच्या हातातच राहिला.

डॉक्टरीण वयानं माझ्याएवढीच असेल. कपाळावर पेनची निळी रेघ उमटलेली, तिला पत्ता नव्हता. तिनं छातीला नळी लावली, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, पुन्हा पहिल्या बाजूनं.

"खोकला कधीपासून?"

"सकाळपासून."

"त्याआधी काही खाल्लं होतं?"

"नाही."

"आमच्या शेडमध्ये कुणी काही खात नाही," मागून बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता.

वाफेचा मास्क लावला. छातीचा फोटो काढला. डॉक्टरीण फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिली. चिमीचा श्वास तसाच ओढला जात होता. मास्कच्या आतून ती माझ्याकडं बघत होती. तिला अजून वाटत असावं की गुपित चालूच आहे.

"फोटोत काही दिसत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "दमा असू शकतो. पण उजव्या बाजूला हवा नीट जात नाहीये, ते मला पटत नाही. ताई, पुन्हा विचारते. खेळता खेळता काही तोंडात घातलं होतं का? मणी, बटण, बी?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. पहिल्यांदा 'नाही' म्हटलं होतं, आता 'नाही माहीत'. तेवढंच मी सरकले होते. बाई पाठीमागं उभ्या होत्या. त्यांच्या अंगाला शेंगांच्या मातीचा वास येत होता.

"मग दम्याचं औषध देऊन रात्रभर बघू," डॉक्टरीण नर्सला म्हणाली आणि कागदावर लिहू लागली.

मी तिच्या पेनकडं बघत होते. ती ओळ लिहून पूर्ण झाली की माझं खोटं खरं होणार होतं. बाईंना बाहेर जायला सांगावं असं मनात आलं. पण काय म्हणून सांगणार? आणि चिमीनं आणखी एक श्वास ओढला, त्याला आवाज असा आला जसा कोरड्या नळाला येतो.

"शेंगदाणा आहे," मी म्हटलं.

पेन थांबलं.

"मी दिला होता. चार दिले. बाई आल्या म्हणून मी तिचं तोंड दाबलं. तेव्हाच गेला. मी दाबलं म्हणून गेला."

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"किती वाजता?"

"दहा, सव्वादहा."

तिनं घड्याळाकडं बघितलं आणि मी तिच्याकडं. मग ती भराभर बोलू लागली. शेंगदाणा फोटोत दिसत नाही, तो आतल्या ओलाव्यानं फुगतो, दुर्बीण घालून काढावा लागेल, वरच्या मजल्यावर घशाचे डॉक्टर आहेत, ते अजून निघाले नसतील. नर्स पळत गेली. चिमीला माझ्या हातातून घेताना डॉक्टरीण म्हणाली, "एवढ्या लहान मुलाला अख्खा दाणा द्यायचा नसतो, ताई. आणि तोंडात घास असताना घाबरवायचं तर कधीच नाही. पण आता सांगितलंत ते बरं केलंत."

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर बाई आणि मी, मधे एका माणसाची जागा सोडून. मी वाट बघत होते. चोरटी म्हणतील, टोपली पालथी करतील, चिमीच्या बापाचं बाईंच्या ट्रॅक्टरवरचं कामही जाईल. जाऊ दे, मी मनात म्हणत होते. सगळं जाऊ दे, हे दार उघडू दे.

बाई म्हणाल्या, "चार दाणे."

"हो बाई."

"चार दाण्यांनी माझं रान पडीक राहिलं असतं का गं?"

त्यांनी बूट उलटा केला, त्यातली माती झटकली, परत सरळ केला.

"माझ्या चपलांचा आवाज ऐकून घाबरलीस."

"हो."

"असं माझ्या तोंडावर कधी कुणी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणणार तरी कसं म्हणा."

ऊन खिडकीतून खाली उतरून भिंतीला लागलं होतं तेव्हा दार उघडलं. घशाचे डॉक्टर घामाघूम होते. "निघाला," ते म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं." त्यांच्या हातातल्या छोट्या बाटलीत तो अर्धा दाणा होता. फुगलेला, मऊ, साल सुटलेला. असा दाणा आम्ही टोपलीतून बाजूला काढतो.

चिमीचा बाप रानातून तसाच आला, गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला. "कसं झालं?" त्यानं विचारलं.

"खेळता खेळता गेला घशात," बाई माझ्याआधी म्हणाल्या. माझ्यासाठी म्हणाल्या की स्वतःसाठी, कोण जाणे. मला तसंच राहू द्यावंसं वाटलं. खरंच वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "मी तिचं तोंड दाबलं होतं. आणि डॉक्टरांना दोनदा खोटं सांगितलं."

तो माझ्या हाताकडं बघत राहिला, चिंधी गुंडाळलेल्या अंगठ्याकडं.

"मग सांगितलंस ना शेवटी?"

"उशिरा."

"पण सांगितलंस," तो म्हणाला आणि पाय धुवायला नळ शोधत गेला. बराच वेळ परत आला नाही.

पुढच्या हंगामात शेडच्या दाराशी एक परात आली. फुटके दाणे, ज्याला हवे त्यानं घ्यावे. लहान पोरांसाठी कुटून वाटीत वेगळे. बाई म्हणाल्या, "खा गं, आणि गप्प बसा. डोकं उठलं माझं तुमच्या बोलण्यानं." पहिले आठ दिवस कुणी हात लावला नाही. मग चष्मेवाल्या मावशीनं मूठभर घेतले आणि म्हणाली, "चोरून खायची मजा नाही राहिली यांत."

माझी जागा तिथंच आहे, खांबाजवळ. चिमी शेजारी बसते. आता ती साडेतीन वर्षांची, बडबडी. वाटीतला कूट बोटानं चाटत असते. पण सिमेंटवर कुणाच्याही चपला वाजल्या की ती एकदम थांबते आणि आपला एवढासा तळवा आपल्याच तोंडावर दाबून धरते. बाई असोत, तिचा बाप असो, मी असो.

मी काम खाली ठेवते. दरवेळी ठेवते. तिचा हात धरून हळूच बाजूला करते.

"खा, बाळा," मी म्हणते. "सावकाश खा. कुणी काही म्हणत नाही."

ती माझ्या हाताकडं बघते, तो कुठं आहे ते आधी नीट पाहून घेते, आणि मग घास चावते.