मधला चांद

तिकोणा पेठेत बाळाची पहिली वाकळ शिवायची तर मधला चांद आईकडच्या आजीच्या लुगड्याचा, अशी रीत होती. चांद म्हणजे ताटाएवढा गोल तुकडा. तो आधी अस्तरावर बसवायचा, त्याच्या कडेवर पाकळ्यांचा पहिला फेर चढवायचा, त्या पाकळ्यांच्या टोकांवर दुसरा, आणि असं वळणावळणानं बाहेर जायचं. एकेक पाकळी एकेका बाईच्या लुगड्याची. मामीची, चुलतीची, शेजारणीची. आतल्या तुकड्याची कड बाहेरच्याच्या पोटात दडलेली. चौकोनी ठिगळांची वाकळ कुणीही शिवावी; ही पाकळ्यांची वाकळ पेठेत एकट्या मुक्ताबाईला यायची.

त्या रीतीला आणखी एक शेपूट होतं. आजी विधवा असली तर चांद दुसऱ्या कुणाचा घ्यायचा.

चौतीस साली मुक्ताबाईची एकुलती लेक नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुक्ताबाईचा नवरा जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. त्या चौदा वर्षांत तिनं गावातल्या चाळीसेक पोरांच्या वाकळी शिवल्या, आणि दर बारशाला घडी दारातून आत देऊन स्वतः पडवीत उभी राहिली. तिची सुई लोकांना चालायची, ती चालायची नाही. हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून गावाला वाटायचं की तिला त्याचं काही वाटत नाही.

भावजय झुंबरबाई चांदासाठी आपलं लाल लुगडं घेऊन आली. मुक्ताबाईनं त्यातून एक पाकळी कापली नि बाकीचं परत केलं. चांद तिनं आपल्याच विटक्या निळ्या लुगड्याचा बसवला. झुंबरबाई घाबरली, इहीणबाई बघतील म्हणाली. मुक्ताबाईनं दातानं दोरा तोडला.

"बघू द्या."

नंदाला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारशाला तिची सासू विठाबाई खंडाळ्याहून आली. कामशेतपर्यंत आगगाडीनं, पुढं बैलगाडीनं. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नातवाला चांदीचे वाळे आणले होते, सुनेच्या तोंडावरून मायेनं हात फिरवला. एकादशीचं कीर्तन तिनं कधी चुकवलं नाही. बुवांनी आख्यानाला नुसता हात घातला तरी हिचा पदर डोळ्यांना लागायचा. अशी माणसं आपल्याला आपली वाटतात. पण मांडवात पाझरलेलं मन घरी येईपर्यंत कोरडं कसं होतं, ते त्या पांडुरंगालाच ठाऊक.

वाकळ अंथरली तशी बायका वाहवा करायला लागल्या. विठाबाईनं पाकळ्यांवरून बोट फिरवत फिरवत मध्यावर आणलं आणि तिथंच थांबवलं. हा चांद कुणाचा, तिनं विचारलं.

"माझा," आपल्याच घराच्या पडवीतून मुक्ताबाई म्हणाली.

विठाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गोड आवाजात समजावायला लागली. तिच्या मनात काही नाही, पण पहिलं पोर आहे, रांडाव बाईचं कापड अंगाखाली नको. तेवढा तुकडा काढून झुंबरबाईचा लावला की झालं, घटकाभराचं तर काम.

मुक्ताबाई उंबरा ओलांडून आत आली. बारसं चालू असताना ती चौदा वर्षांत पहिल्यांदा आत आली होती.

"इहीणबाई, हे लुगडं माझा धनी जित्ता हुता तवा घेतलं. तो गेल्यावर पाच वर्सं नेसले. ह्याचाच वटा करून नंदीला पाठीशी बांधून भात लावलं. आता तुमीच सांगा, ह्यातलं सवाष्णीचं कुटवर आन् रांडावचं कुटनं?"

विठाबाई म्हणाली, रीत काही तिनं काढलेली नाही. मुक्ताबाईनं बायकांकडं पाहिलं. तिथं पंधराजणी होत्या आणि बहुतेकींची पोरं मुक्ताबाईच्या वाकळीत वाढली होती. झुंबरबाई घुगऱ्यांत हात घालून बसली. शेजारची हसिना पदराचं टोक पिळायला लागली. नंदा मान खाली घालून बाळाला पाजत राहिली.

मुक्ताबाईनं कातर आणि सुईदोरा विठाबाईच्या मांडीवर टाकला.

"मी बसवलाय, मी काडणार न्हाई. तुमाला नगं असंल तर तुमी काडा."

विठाबाईही हट्टाची. मांडी घालून ती उसवायला बसली. तिला वाटलं होतं तुकडा सुटा निघेल, पण चांदाची कड पहिल्या फेराखाली होती. हसिनेची हिरवी पाकळी उसवली, तरी चांद हलेना. तिनं झुंबरबाईच्या लाल पाकळीला कातर लावली, आणि दोन टाके तुटले तशी झुंबरबाई ताडकन उठली.

बाळ वाकळीवर निजायच्या आत सवाष्णीचा तुकडा उसवला तर तिच्या कुंकवाला धोका, हे पेठेत शेंबड्या पोरीलाही माहीत. खंडाळ्याच्या विठाबाईला ते माहीत नव्हतं.

"हात काडा त्यावरनं," झुंबरबाई म्हणाली. "माझा धनी म्हैनाभर खोकल्यानं आडवा हाय, आन् तुमी माझा तुकडा फाडता?"

मग सगळ्याच बोलायला लागल्या. कुणी विठाबाईचं मनगट धरलं, कुणी आपापल्या पाकळीवर तळहात ठेवून बसली. हसिनेचा नवरा गुलजार गाडी घेऊन घाटात गेलेला. तिला रडूच फुटलं. पाकळी आत्ताच्या आत्ता लावा म्हणाली.

मुक्ताबाईचा खरा राग आता पेटला.

"माझ्यापायी येकीचं त्वांड उगडलं न्हाई. दादल्यावर आलं तवा वाचा फुटली व्हय?"

विठाबाईनं सुई मुक्ताबाईपुढं धरली. मुक्ताबाईनं हात मागं बांधले.

"तुमी उसवलं, तुमीच शिवा."

दुसरा इलाज नव्हता. पाकळी पुन्हा बसायची ती चांदाच्या कडेवरच. बायका घेरून बसलेल्या, आणि विठाबाई त्या निळ्या कापडाची कड आपल्याच बोटांनी दुमडून पाकळीखाली सारत होती. कड वळणावर चुणायची, टाका वाकडा पडायचा. मुक्ताबाई डोक्यावर उभी.

"लांब पडला. काडा."

तिनं तोच टाका तीनदा काढायला लावला. विठाबाईच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं. झुंबरबाई म्हणाली, जाऊ द्या वन्सं, पावनी हाय. मुक्ताबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आई, पुरं आता," नंदा म्हणाली.

"तू तर बोलूच नगंस. तू बी गप बसलीस."

नंदाचे डोळे भरले. तिच्या आईला ते दिसलं, तरी ती नरमली नाही.

शेवटची गाठ पडल्यावर मुक्ताबाईनं वळणावरून अंगठा फिरवला. काम ओबडधोबड होतं, पण पक्कं होतं. ती बाजूला झाली. नंदा उठली, कुणाकडे न बघता तिनं बाळाला निळ्या चांदावर निजवलं आणि लंगोट सारखा करायला गेली, तोच बाळानं धार सोडली. निळं, लाल, हिरवं, सगळं भिजलं. बायका खदखदून हसल्या. विठाबाईसुद्धा हसली, चेष्टेनं म्हणाली, नातवानं सगळ्यांना सारखंच पावन केलं.

मुक्ताबाई हसली नाही. तिनं खाली बसून उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचले आणि विठाबाईच्या ओंजळीत ठेवले.