सुतकातले सोमवार

“सुतकात उपास धर, पण तो सोमवार मोजू नको वं,” असं सासूबाई बजावायच्या. सोळा सोमवारांच्या मधे सुतक आलं की गणती थांबायची, आणि फिटलं की पुढे चालायची.

बुटीबोरीच्या कारखान्यातल्या मारामारीच्या खटल्यात माझ्या मुलाला, सुमंतला सत्र न्यायालयाने सात वर्षं कैद दिली, तेव्हा मोठ्या दिरांनी, म्हणजे त्याच्या मोठ्या बाबांनी, रुपरावजींनी, मला हाच दाखला दिला. त्यांच्या ओळखीच्या वकिलाने त्याच न्यायालयात फेरविचाराचा अर्ज लावला होता.

“अर्ज चालू हाय तवर अपिलाचे दिवस थांबते. तुले तं समजाले पायजे, कामिनी!”

मला पटलंच ते. पुढे अर्ज फेटाळला गेला. अपिलाची साठ दिवसांची मुदत कधीचीच उलटली होती.

मोफत कायदा मदतीच्या दामिनी वकीलबाई म्हणाल्या, “मावशी, निकाल दिल्यावर लिहिण्यातली चूक सोडून त्या कोर्टाले काही बदलवता येत नाही. अशा अर्जानं मुदत थांबत नाही. कोर्टात सुतक नसते.”

“मंग पोरगा आतच राहीन?”

“उशीर माफ करा म्हणून हायकोर्टाले मागता येते. पण उशीर काहून झाला ते शपथेवर सांगा लागते. नावानिशी.”

तुरुंगात मुलाखतीला गेले तर काचेपलीकडून सुमंत म्हणाला, “मोठे बाबा आणखी एक अर्ज लावू म्हणते.”

“लावू दे त्याहिले. तू अपिलावर सही करून जेलरसाहेबाजवळ दे. उशिराचं मी सांगीन. शब्द हाय माहा.”

घरी रुपरावजी वाटच पाहत होते; मी शपथेवर सांगणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

“भरकोर्टात वकिलाचं नाव घेशीन? मले चार लोकांत तोंड दाखवाचं हाय. पूजापाठवाली बाई तू, चूप बसावं.”

“पूजापाठवाली हाय, म्हणूनच खोटी शपथ घेत नाही, भाऊजी. तुमचंही नाव येईन.”

“माहं?” ते उठलेच. “मंग याच्यापुढं माह्या दारात येऊ नको!”

हे वारल्यापासून रुपरावजींपुढे मी मान वर केली नव्हती. आवाज आजही चढला नाही. “बरं,” एवढंच मी म्हणाले.

सकाळी देवापुढे दिवा लावला. पोथी संध्याकाळवर ठेवली, शपथेच्या कागदासाठी आधार कार्ड पिशवीत टाकलं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत रुपरावजींचं दार उघडं होतं, ते ओट्यावर बसले होते. मी पदर सावरला, त्यांच्या समोरूनच गेले आणि सिव्हिल लाइन्सला, हायकोर्टाकडे जाणाऱ्या ऑटोला हात केला.